पासवर्ड चुकल्यावर खाते किती वेळ बंद ठेवावे?

प्रश्न (खानापूर):
नमस्कार. आमच्या पतसंस्थेत अल्मालिनक्स ९ (लिनक्स प्रकारची ऑपरेटिंग सिस्टीम) चा सर्व्हर असून नंदगड आणि लोंढा शाखांतील कर्मचारी त्यावर एसएसएचने (दुरून सुरक्षित जोडणी करण्याच्या पद्धतीने) पासवर्ड देऊन लॉगिन करतात. पासवर्ड तीनदा चुकला की खाते कायमचे बंद व्हावे, असा संचालकांचा आग्रह आहे. मात्र आमच्याकडे टायपिंग कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत चालते. कीबोर्ड कन्नडवर राहिला की पासवर्ड चुकतो आणि टाइप केलेले पडद्यावर उमटत नसल्याने कारणही कळत नाही. मर्यादा किती ठेवावी? चुका मोजून खाते बंद करणारे जुने पॅम टॅली टू चालेल का?

उत्तर (निपाणी):
पॅम टॅली टू लिनक्स-पॅमच्या (लिनक्समधील लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेच्या) १.५.० आवृत्तीत काढून टाकले गेले. आता त्याच कामासाठी असलेले फेललॉकच वापरावे. पॅमच्या फाइली हाताने बदलू नका. ऑथसिलेक्ट या पॅमच्या फाइली तयार करणाऱ्या साधनातून 'विथ-फेललॉक' सुरू करा आणि आकडे फेललॉक डॉट कॉन्फ या फाइलीत भरा. मुळात १५ मिनिटांत ३ चुका झाल्या की खाते १० मिनिटे बंद होते. तुमच्याकडची कीबोर्डची अडचण पाहता मी चुकांची मर्यादा ५ आणि बंदीचा काळ ९०० सेकंद ठेवेन. कायमच्या बंदीला माझा स्पष्ट विरोध आहे, कारण ज्याला नुसते युजरनेम ठाऊक आहे, असा कोणीही मुद्दाम चुकीचे पासवर्ड देऊन ऐन मार्चअखेरीस तुमचे कामकाज ठप्प करू शकतो. संचालकांना हेच समजावून सांगा.

उत्तर (बेळगाव):
वरील मताशी सहमत आहे. खानापूर भागात पावसाळ्यात वीज वरचेवर जाते, म्हणून एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते: चुकांची नोंद मुळात 'रन' फोल्डरमध्ये, म्हणजे मेमरीत असते, त्यामुळे सर्व्हर पुन्हा सुरू झाला की ती पुसली जाते. ती टिकवायची असल्यास 'डिर' या पर्यायात 'व्हार-लॉग'खालचे फोल्डर द्यावे आणि त्याला एसईलिनक्सचे (लिनक्समधील सुरक्षा व्यवस्थेचे) 'फेललॉग' लेबल लावावे; ते लावायचे राहून गेले तर नोंदच होणार नाही.

प्रश्नकर्ता (खानापूर):
मनःपूर्वक आभार. पासवर्डऐवजी एसएसएच की (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) दिल्यास ही बंदी लागू होईल का?

उत्तर (निपाणी):
नाही. कीने लॉगिन करताना पासवर्डची तपासणीच होत नाही, त्यामुळे फेललॉकने बंद केलेल्या खात्यातही कीने प्रवेश मिळतो. कर्मचारी नोकरी सोडून गेला, तर त्याची की सर्व्हरवरील ऑथराइज्ड कीज (परवानगी असलेल्या कींच्या) फाइलीतून आठवणीने काढा.