मिनिकॉय बेटावर काही दिवस राहणे: परवाना, प्रवास आणि गावातली रीत

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे)

येत्या जानेवारीत मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे जण लक्षद्वीपला जाण्याच्या विचारात आहोत. इथल्या प्रवासी कंपन्यांकडे चौकशी केली की अगत्ती आणि बंगारामचीच माहितीपत्रके पुढे येतात. आम्हाला मात्र पाण्यातले खेळ नकोत. लोक जिथे पूर्वापार पद्धतीने राहतात अशा एखाद्या बेटावर काही दिवस शांतपणे काढायचे आहेत आणि त्यासाठी मिनिकॉयचे नाव डोळ्यांसमोर आहे. तिथे जाण्याचा परवाना आपला आपण काढता येतो का, गावात बाहेरच्या माणसाने फिरलेले चालते का आणि पूर्ण शाकाहारी व गुडघेदुखी असलेल्या सासूबाईंना हा प्रवास झेपेल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (नेरूळ)

ताई, मी व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालो आहे आणि माझ्या खलाशी सोबत्यांत मिनिकॉयची माणसे नेहमीच असत, कारण त्या बेटावरचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर नोकरी करत आले आहेत. घरचा कर्ता पुरुष वर्षातले कित्येक महिने समुद्रावर, त्यामुळे घराचा आणि गावाचा बराचसा कारभार बायकांच्या हाती, आणि लग्नानंतर नवऱ्याने बायकोच्या घरी राहायला जायचे, ही तिथली जुनी चाल आहे. बेट जेमतेम दहा किलोमीटर लांबीचे, पण त्यावर अकरा गावे आहेत. प्रत्येक गावाला बोडुकाका म्हणजे मुखिया असतो, बायकांची वेगळी प्रमुख असते आणि सामाईक कामे गाव मिळून करते. उरलेल्या लक्षद्वीपपासून हे बेट ‘नऊ अंश खाडी’ या रुंद सागरी पट्ट्याने तुटलेले आहे, मालदीव त्याला जवळचे; म्हणून इतर बेटांवर मल्याळमशी नाते सांगणारी बोली ऐकू येते, तर इथे मालदीवच्या भाषेच्या नात्यातली, उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी महल भाषा.

शक्य झाल्यास मासेमारी अवश्य पाहा. शाकाहारी माणसालाही ती खिळवून ठेवते. बेटालगतच्या उथळ, शांत पाण्याच्या सरोवरात आधी बारीक मासळी जिवंत पकडून होडीत पाण्यातच ठेवतात. पुढे खोल समुद्रात कुप्याचा (ट्यूना माशाचा) थवा दिसला की एक जण ती मासळी मुठीमुठीने फेकतो, दुसरीकडून पाण्याचे फवारे उडत असतात, आणि त्या खळबळीत भक्ष्य समजून मासा गळावर झेपावतो. गळाला काटेरी दात नसतो, त्यामुळे बांबूची काठी वर उचलून झटका दिला की मासा खांद्यावरून मागे होडीत पडतो आणि आपोआप सुटतो. हात लावायची गरजच नसते. किनाऱ्यावर तो उकडून, धुरी देऊन आणि उन्हात वाळवून त्याचा मासमिन करतात. डबाबंदीचा सरकारी कारखानाही तिथे 1969 पासून आहे.

प्रतिसाद २ (कोपरी, ठाणे पूर्व)

वरील माहितीला प्रवासापुरती जोड देतो. अगत्तीला विमानाने जाऊन पुढे मिनिकॉय गाठू, असा बेत कृपया करू नये. दोन्ही बेटांमध्ये अंतर बरेच आहे आणि मिनिकॉयला प्रवासी विमान उतरत नाही. कोचीहून जहाज हाच सरळ मार्ग. कोचीपर्यंत ठाणे किंवा पनवेलहून नेत्रावती एक्सप्रेसने जाता येते, मात्र जहाजाच्या आदल्या दिवशीच पोहोचावे, कारण कोकण रेल्वेच्या वेळेवर विसंबून जहाज गाठणे शहाणपणाचे नाही.

परवाना बेटांवर न राहणाऱ्या प्रत्येक भारतीयाला लागतो. हे 1967 च्या नियमांनुसार चालते. पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला जाऊ शकतो आणि तो मिळायला वेळ लागतो, म्हणून तयारी आत्ताच सुरू करावी आणि अर्जापूर्वी प्रशासनाच्या संकेतस्थळावरचे ताजे नियम वाचावेत. प्रशासनाच्याच ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेमार्फत सहल घेतली तर परवान्याचे काम बरेच सोपे होते. इथे एक गोष्ट नीट पाहावी: त्यांच्या ‘समुद्रम’ सहलीत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तिन्ही बेटे दिवसा दाखवून रात्री जहाजावर परत आणतात. तुम्हाला जे हवे आहे ते त्यातून मिळणार नाही. मिनिकॉयमध्येच मुक्काम असलेली ‘स्वेइंग पाम’ ही सहल मागावी.

सासूबाईंबद्दल स्पष्ट लिहितो. जहाज खडकांच्या रांगेबाहेर उभे राहिले तर हलत्या जहाजातून छोट्या होडीत उतरावे लागते. खलाशी हात देतात, तरी गुडघ्यांना ते जड जाते. जेवणात भात, डाळ, नारळ यांवर निभावते, पण सुका फराळ सोबत हवाच.

प्रतिसाद ३ (वाशी)

माझे मत थोडे वेगळे आहे. ज्येष्ठ व्यक्ती सोबत असताना परवाना आणि रात्रभराचा जहाजप्रवास यांत अडकण्यापेक्षा अंदमानातले शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचे नील, सोयीचे पडेल. भाजीपाल्याची शेती, सायकलवरून फिरता येईल असे रस्ते, शाकाहारी जेवण, सगळे तिथे आहे.

प्रतिसाद १ (नेरूळ)

सोयीच्या दृष्टीने वाशीकरांचे बरोबर आहे. मात्र नीलवरची वस्ती फाळणीनंतर सरकारने वसवलेल्या बंगाली निर्वासितांची आहे; ते गाव छान आहे, पण ताई विचारत आहेत तसे जुने नाही. निवड करताना हा फरक लक्षात असावा.

गावात फिरण्याविषयीचा प्रश्न मघाशी राहून गेला. मिनिकॉय संपूर्ण मुस्लिम वस्तीचे आहे आणि तिथे दारूबंदी आहे. गावात जाताना अंगभर कपडे घालावेत, पोहण्याचे कपडे किनाऱ्यावरच ठेवावेत, शुक्रवारची दुपार नमाजाची म्हणून सोडावी, आणि बायकांची छायाचित्रे विचारल्याखेरीज काढू नयेत. प्रत्येक गावाचे एक सामाईक घर असते; ते पाहुण्यांसाठी मांडलेले संग्रहालय नव्हे, त्यामुळे स्थानिक वाटाड्याला सांगून, बोडुकाकांची परवानगी घेऊनच आत जावे. प्रवाळ किंवा शंख उचलून आणणे कायद्याने मना आहे. 1885 चा दीपस्तंभ बाहेरूनही देखणा आहे, तेव्हा सासूबाईंनी त्याच्या पायऱ्या चढण्याचा आग्रह धरू नये. पिण्याच्या पाण्याची चिंता नको. खोल समुद्रातल्या थंड पाण्याचा उपयोग करून खारे पाणी गोडे करणारा प्रकल्प तिथे 2011 पासून आहे.

प्रश्नकर्ती (घोडबंदर रस्ता, ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. होडीत उतरण्याचे वाचल्यावर सासूबाईंनी स्वतःच पुण्याला नणंदेकडे राहण्याचे ठरवले आहे. आम्ही दोघे मुक्कामाच्या सहलीसाठी चौकशी करत असून चारित्र्य दाखल्याचा अर्ज या आठवड्यात देत आहोत. जहाजावर बंद खोलीचे तिकीट घ्यावे की खुर्चीचे, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल.

प्रतिसाद २ (कोपरी, ठाणे पूर्व)

खोलीच घ्यावी. रात्र जहाजावर जाते आणि जानेवारीत समुद्र शांत असला तरी पहिल्यांदा जाणाऱ्याला आडवे होता येणे महत्त्वाचे. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्यापूर्वी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.