उन्हाने भाजलेल्या कातडीचे अनुभव सांगा

गेल्या जानेवारीत नाशिकजवळच्या अंजनेरी गडावर गेलो होतो. पहाटे स्वेटर घालून निघालो, पठारावर पोचल्यावर काढून कमरेला बांधला. तळ्याच्या आसपास सावली नाही, पण वारा इतका गार की ऊन जाणवलंच नाही. संध्याकाळी मान थोडी लाल दिसली. रात्री ती उशीला टेकवेना. पुढे बारीक फोड आले आणि आठवडाभर साल निघत राहिली.

भाजतात ते अतिनील किरण, उकाडा नव्हे, हे मला तेव्हा कळलं. शिवाय लाली चढायला काही तास जातात, त्यामुळे उन्हात असताना पत्ताच लागत नाही. नाशिकच्या गार हवेवर आपलं प्रेम आहे, पण इथे तीच फसवते. तुमचं काय झालं? कशाने उतार पडला, कशाने वाढलं, तेही लिहा.

दिंडोरीहून
द्राक्षबाग म्हणजे मांडवाची सावली, असं शहरातल्यांना वाटतं. एप्रिलच्या खरड छाटणीत वेलीवर पान राहत नाही. हात वर, तोंड वर, आणि डोक्यावर नुसत्या तारा. आमच्या बागेतल्या बायका साडीवर पुरुषी शर्ट चढवतात, तोंडाला रुमाल बांधतात. पहिल्या वर्षी मी बनियनवरच राबलो, खांदे सोलवटून निघाले. आई खोबरेल घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, आग आहे तोवर तेल नको, त्याने उष्णता आत कोंडते. साध्या गार पाण्याच्या घड्या ठेवा, बर्फ थेट लावू नका, फोड फोडू नका. दोन दिवसांत आग शमली. आता आम्ही सहाला कामाला लागतो आणि अकराला थांबतो. मजुरांशी बोली करतानाच हे ठरवून घेतो, कारण कातडी त्यांचीही भाजते.

सिडकोतून
काळवंडलेल्या हातांवर मी लिंबू चोळलं आणि तशीच गाडीवरून कामाला गेले. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की कातडी जास्तच भाजते. काळे डाग जायला कित्येक महिने लागले. कृपा करून लिंबू लावू नका. सनकोट आणि हातमोजे खरंच उपयोगी पडतात.

इंदिरानगर, औषधांचं दुकान
मुरमांसाठी डॉक्सिसायक्लिन घेणारी मुलं थोड्या उन्हातही भाजतात, म्हणून गोळी देताना मी ते आवर्जून सांगतो. सनस्क्रीनबद्दल सांगायचं तर, एसपीएफ म्हणजे बाटलीवरचा संरक्षणाचा आकडा; एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे अतिनील किरण अडवतं, पण नीट भरपूर लावलं तरच. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर लांब रेघ काढावी इतकं लागतं. बहुतेक जण वाटाण्याएवढं लावतात. दर दोन तासांनी पुन्हा लावा, घाम आला तर त्याआधीच.

गंगापूर रोडवरून
धरणाच्या काठी लेक पाण्यात खेळत होती. अंगात सुती सदरा होता, म्हणून मी निश्चिंत होते. ओल्या सुती कापडातून किरण जास्त आत येतात, हे ठाऊक नव्हतं. रात्री पाठ लालभडक झाली आणि ताप चढला. सकाळी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तापाचं औषध दिलं आणि पाणी पाजत राहायला सांगितलं. तिसऱ्या रात्री ती पाठीवर झोपली, तेव्हा कुठे माझा डोळा लागला.