लवचीक आरसा असताना अवकाशात दुर्बीण कशाला?

कोथरूडचा अभियंता (मूळ लेख): वातावरणातील खळबळीने विस्कटलेले ताऱ्याच्या प्रकाशाचे तरंगाग्र (प्रकाशलाटेची आघाडी) एक छोटा लवचीक आरसा सेकंदाला शेकडो वेळा आकार बदलून सरळ करतो. जमिनीवरील केक दुर्बिणीचा मुख्य आरसा १० मीटरचा, अवकाशातील हबल दुर्बिणीचा अवघा २.४ मीटरचा. मग अवकाशात दुर्बिणी पाठवणे ही निव्वळ उधळपट्टी नव्हे काय?

सदाशिवपेठी: ‘निव्वळ’ हा शब्द वाचून राहवले नाही. ही दुरुस्ती, ज्याच्या प्रकाशावरून खळबळ मोजतात त्या मार्गदर्शक ताऱ्याभोवतीच्या आकाशाच्या लहानशा तुकड्यापुरती चालते, आणि तीही मुख्यतः अवरक्तात, कारण दृश्य प्रकाशाची तरंगलांबी कमी असल्याने तिथे तीच खळबळ अधिक जाचक ठरते. अतिनील किरण तर बहुतांशी हवाच गिळते. जो प्रकाश आरशापर्यंत पोहोचलाच नाही, तो आरसा सरळ कसा करणार?

कोथरूडचा अभियंता: जवळ तेजस्वी तारा नसेल, तर सुमारे ९० किलोमीटर उंचीवरील सोडियमच्या थरावर लेझर टाकून कृत्रिम तारा उभा करतात, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. आकाशगंगेच्या केंद्राभोवती सुमारे १६ वर्षांत फेरी मारणाऱ्या एस-२ ताऱ्याचा माग जमिनीवरूनच काढला गेला आणि २०२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल खगोलशास्त्रज्ञ गेंझेल व गेझ यांच्यापर्यंत पोहोचले.

सदाशिवपेठी: लेझर जाता-येता त्याच हवेतून जातो, त्यामुळे प्रतिमेचे एकूण डोलणे मोजायला खरा तारा लागतोच. हे कोणी गाळले?

गच्चीवरचा निरीक्षक: आपले वाद चालू द्या, आमच्या सोसायटीने गच्चीसमोर प्रखर दिवा लावल्यापासून मला मृगातला तेजोमेघही दिसेनासा झाला आहे. तक्रार केली, तर ‘चोर येतात’ हे उत्तर मिळाले. पुण्याजवळच्या गिरवलीच्या २ मीटर दुर्बिणीकडे शहरांचा उजेड सरकत असताना आरसे वाकवून काय साधणार?

कोथरूडचा अभियंता: साधते. ताऱ्याचा प्रकाश लहान ठिपक्यात गोळा झाला, की त्या ठिपक्यात मिसळणारा आकाशाचा उजेडही कमी होतो. पुण्यातल्या आपल्याच आयुका या खगोलसंस्थेने अमेरिकेतील कॅलटेक संस्थेसह उभारलेली रोबो-एओ ही लवचीक आरशाची स्वयंचलित यंत्रणा तिथल्या पालोमार वेधशाळेच्या जेमतेम १.५ मीटर दुर्बिणीवर चालली, हे पुणेकरालाच सांगावे लागावे!

गच्चीवरचा निरीक्षक: पुणेकराला शिकवू नका. तेजोमेघ पसरट असतो. त्याचा ठिपका कसा करणार? माझा प्रश्न तेजोमेघाचा होता.

सदाशिवपेठी: ठिपक्याचा मुद्दा अभियंत्यांचा बरोबर आहे, हे मी नाइलाजाने मान्य करतो.

कोथरूडचा अभियंता: उपकार झाले. तेजोमेघाचे आणि अतिनीलाचे मीही सोडून देतो. लेखातला ‘निव्वळ’ तेवढा खोडला आहे, ‘उधळपट्टी’ तशीच ठेवली आहे.

गच्चीवरचा निरीक्षक: आणि दिव्याचे?