केसीएल, हेपारिन, इन्सुलिन: छोट्या नर्सिंग होममध्ये चुका कशा रोखायच्या?

खाटा_पंचवीस

तालुक्याच्या गावातलं २५ खाटांचं नर्सिंग होम, त्यात ४ खाटांचा आयसीयू. एनएबीएच (हॉस्पिटलांच्या गुणवत्तेला मान्यता देणारी संस्था) एंट्री लेव्हलची तयारी चालू आहे. हाय-रिस्क औषधांची यादी भिंतीवर लावली, सिस्टरांचं ट्रेनिंग झालं. पण केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) आणि हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) आजही ट्रॉलीत इतर इंजेक्शनांच्या शेजारीच असतात. रात्री दोनच सिस्टर, मेडिकल स्टोअर अकराला बंद. डबल चेक म्हणजे एकीने भरायचं आणि दोघींनी सही करायची. याहून ठोस काय करता येईल?

फार्मसी_कट्टा

यादी भिंतीवर आणि औषध ट्रॉलीत असेल, तर ती यादी इन्स्पेक्शनपुरतीच. "नीट वाचून द्या" ही सूचना पहाटे तीनला टिकत नाही. औषधाची जागाच बदला.

केसीएलपासून सुरुवात करा. १५ टक्क्यांचं १० एमएलचं अँप्युल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) पोटॅशियम. डिस्टिल्ड वॉटरचं १० एमएलचं प्लास्टिक अँप्युलही जवळपास तसंच दिसतं. अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला पाण्याऐवजी हे उचललं गेलं आणि शिरेतून झटकन दिलं, तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून वॉर्ड आणि ट्रॉली, दोन्हीकडून केसीएल पूर्ण हलवा. कार्डियाक अरेस्टच्या वेळी ते तातडीने लागतं असं नाही, त्यामुळे ट्रॉलीत ठेवायचं कारणच उरत नाही.

हेपारिनची गोम वेगळी. ५ एमएलच्या व्हायलमध्ये ५,००० युनिटही येतात आणि २५,००० युनिटही, म्हणजे एका एमएलमध्ये १,००० किंवा ५,०००. आकार तोच, ताकद पाचपट. खरेदीतच ठरवून एकच स्ट्रेंग्थ ठेवा. स्टॉकिस्टकडे नेहमीची नसली की तो दुसरी पाठवतो, तिथे स्टोअरवाल्याने ती परत करायला हवी.

खाटा_पंचवीस

केसीएल हलवलं आणि रात्री दोनला एखाद्याच्या रक्तातलं पोटॅशियम २.६, म्हणजे फार कमी, आलं तर? स्टोअर उघडायला कोणी नसतं.

फार्मसी_कट्टा

आयसीयूत कुलपाचा वेगळा डबा. चार अँप्युल, लाल लेबल "पातळ केल्याशिवाय देऊ नये", किल्ली इन-चार्ज सिस्टरकडे, काढल्याची नोंद रजिस्टरमध्ये. जनरल वॉर्डात एकही नाही. सकाळी मोजून डबा भरायचा.

आणि देताना: हातापायाच्या साध्या शिरेतून लिटरला ४० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नको. हृदयाचा मॉनिटर नसेल तर तासाला १० च्या आत. लटकलेल्या बाटलीत केसीएल कधीच टोचू नका. ते जड असतं, तळाशी पोर्टजवळ साचतं आणि पेशंटला पहिल्यांदा तेच जातं. बाटली खाली काढा, औषध घाला, आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा, लेबल लावा, मग लटकवा.

भूल_विभाग

ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) एक जोडी यादीत घालाच: ट्रानेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव थांबवणारं) आणि स्पायनलचं, म्हणजे पाठीतून भूल द्यायचं, हेवी बुपिव्हाकेन. दोन्ही लहान काचेची अँप्युल. सिझेरियनच्या टेबलवर अदलाबदल होऊन ट्रानेक्झॅमिक पाठीच्या मणक्यात गेलं, की झटके येतात आणि बरेचदा मृत्यू ओढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याच अदलाबदलीबद्दल इशारा दिला होता. ट्रानेक्झॅमिक भूलतज्ज्ञाच्या ट्रेमध्ये नकोच, ओटीबाहेरच्या कपाटात ठेवा. बुपिव्हाकेनचं नाव फोडण्याआधी मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं.

सर्जिकल चेकलिस्टचा टाइम आउट (चीर देण्याआधी थांबून खात्री करायचा टप्पा) बहुतेक ठिकाणी फाइलमध्ये आधीच टिक केलेला असतो. चीर देण्याआधी सगळे थांबून पेशंटचं नाव, ऑपरेशन आणि बाजू मोठ्याने बोलत नसतील, तर तो कागद नसलेलाच बरा. निदान खोटा दिलासा तरी मिळणार नाही.

वॉर्ड_इनचार्ज

इन्सुलिनबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. आपल्याकडची व्हायल बहुतेक ४० युनिट प्रति एमएलची, इन्सुलिन पेनचं कार्ट्रिज १०० चं. सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० ची, नारिंगी टोपीची १०० ची. पेनची सुई संपली म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर पेशंटला ५० युनिट जातात. उलट, ४० च्या व्हायलमधून नारिंगी सिरिंजने २० ओढले तर मिळतात ८. म्हणून वॉर्डात फक्त लाल सिरिंज ठेवा, आणि कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढणं कायमचं बंद.

इन्फ्युजनसाठी (शिरेतून हळूहळू सतत द्यायला) ५० एमएलमध्ये ५० युनिट हवे असतील तर ४० च्या व्हायलमधून १.२५ एमएल. हा आकडा छापून फ्रिजच्या दारावर लावा, दर वेळी तोंडी हिशोब नको.

डबल चेकचं म्हणाल, तर सगळ्या औषधांना लावला की त्याची सहीच होते. केसीएल, हेपारिन, इन्सुलिन इन्फ्युजन आणि लहान मुलांचे डोस, एवढ्यांनाच ठेवा. दुसऱ्या सिस्टरने पहिलीचा हिशोब बघायचाच नाही. ऑर्डर आणि वजन बघून स्वतः एमएल काढायचे, मग दोन आकडे जुळवायचे. "दीड एमएल बरोबर आहे ना गं?" असं विचारलं की उत्तर हो असंच येतं.

पेशंटचंही तेच. "तुम्ही पाटीलकाकाच ना?" याला झोपेतला माणूस मान हलवतो. नाव त्यालाच सांगायला लावा, मनगटाच्या पट्टीवरचा आयपीडी (भरती झाल्याचा) नंबर जुळवा. खाट नंबर ओळख म्हणून वापरू नका, रात्रीत खाटा बदलतात.

खाटा_पंचवीस

डॉक्टरांच्या ऑर्डरींचं काय? सिस्टर त्यांना कशा टोकणार?

वॉर्ड_इनचार्ज

टोकायची वेळ येऊ नये असे नियम डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. "यू" नाही, पूर्ण "युनिट" लिहायचं, कारण १० च्या पुढचा यू शून्यासारखा वाचला की १०० होतात. ५.० नाही, ५. आणि .५ नाही, ०.५. फोनवरची ऑर्डर सिस्टरने लिहून घ्यायची, मग वाचून दाखवायची आणि डॉक्टरांनी "बरोबर" म्हटल्यावरच द्यायची. पंधरा आणि पन्नास असल्या आकड्यांसाठी "एक-पाच", "पाच-शून्य" असं म्हणायचं.

आणि चुकलेल्या सिस्टरचा पगार कापत असाल तर ते आधी थांबवा. नाहीतर इन्सिडंट रजिस्टर (चुकांची नोंदवही) वर्षभर कोरं राहील आणि एनएबीएचचा असेसर पहिला प्रश्न त्यावरच विचारेल.