प्रतिसाद: चोरून खाणं कसं ओळखायचं

धाकटा भाऊ रात्री चोरून खातो, असं ताईंनी लिहिलंय. त्यावर वर दोघांनी डबे कुलपात ठेवायला आणि एकादशी धरायला सांगितलंय. कृपया तसं करू नका. दिवसभर उपाशी राहिलं की रात्री खाण्याचा झटका आणखी जोरात येतो, आणि कुलूप लावलं की माणूस बाहेर खाऊन येतो.

मिसळीवर चार पाव जास्त खाणं म्हणजे आजार नव्हे. पाहायचं ते असं: साधारण दोन तासांच्या आत इतरांपेक्षा खूपच जास्त खाणं, आणि त्या वेळी थांबताच न येणं. आठवड्यातून एकदा तरी, सलग ३ महिने असं होत असेल तर तो अनावर खाण्याचा आजार (बिंज ईटिंग) असू शकतो. सोबतच्या खुणा: भूक नसताना, भराभर, पोट दुखेपर्यंत खाणं, एकट्यानं खाणं, नंतर स्वतःची किळस वाटणं. घरात दिसतं ते वेगळंच: अर्धा किलो चिवडा रातोरात संपलेला, रिकामी पाकिटं गादीखाली, पंगतीत मात्र दोन घास. वजनावरून ठरवू नका, बारीक माणसालाही हे होतं.

खाल्ल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन उलट्या काढत असेल तर वाट पाहत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम (एक क्षार) घसरून हृदयाचे ठोके बिघडतात.

बोलायचं ते जेवणाच्या वेळी नाही आणि चारचौघांत तर नाहीच. 'किती खातोस' म्हणू नका, 'हल्ली तुला त्रास होतोय का' एवढंच विचारा. तीन वेळचं जेवण ठरल्या वेळी द्या. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.