माहितीपट की अनुबोधपट?

प्रश्न : चित्रकारांवरच्या फिल्मांबद्दल लिहिताना दर वेळी शब्दापाशी अडते. हल्ली सगळे ‘माहितीपट’ लिहितात, जुन्या लेखांत ‘अनुबोधपट’ दिसतो. दोन्हींच्या अर्थामध्ये काही फरक आहे का? ‘वृत्तचित्र’ आणि ‘चरित्रपट’ चालतील का?

— पहिले दोन्ही शब्द डॉक्युमेंटरीसाठीच आहेत. ‘वृत्तचित्र’ हिंदीत रुळलेला आहे. मराठीत तो घेतला तर ‘वृत्तपट’शी, म्हणजे पूर्वी थिएटरात मुख्य सिनेमाआधी दाखवत त्या न्यूजरीलशी, गल्लत होते. चरित्रपटात नट कलावंताची भूमिका करतो. खुद्द चित्रकारच पडद्यावर काम करत असेल तर तो शब्द नको.

— माझं मत ‘अनुबोधपटा’च्या बाजूने. फ्रेंच दिग्दर्शक क्लूझोने १९५६ साली चित्रकार पिकासोवर फिल्म केली. पातळ कागदावर शाई पलीकडे उमटत जाते आणि कॅमेरा मागच्या बाजूने ती टिपतो. चित्रकाराचा हात दिसतच नाही, फक्त रेषा वाढत जाते. फुलाचा मासा होतो, माशाचा कोंबडा, आणि शेवटी त्यातून एक चेहरा निघतो. यातून पिकासोची माहिती जवळजवळ काहीच मिळत नाही, पण चित्र कसं ठरतं आणि कसं मोडतं ते कळतं. चित्रकार एम. एफ. हुसेन यांची १९६७ची, सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेली फिल्म घ्या. बुंदी, चितोड, जैसलमेर यांची दृश्यं, कथा नाही, सगळं समजावून सांगणारा निवेदक नाही. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात तिला लघुपटाचं ‘सुवर्ण अस्वल’ हे पारितोषिक मिळालं. तिला ‘माहितीपट’ म्हणायला जीभ रेटत नाही.

— पण ‘अनुबोध’ म्हणजे नेमकं काय? नुसतं ‘बोध’ म्हटलं की उपदेशाचा वास येतो.

— अमरकोशात ‘प्रबोधन’ आणि ‘अनुबोध’ हे समानार्थी दिले आहेत, तेही उटणी-लेपांच्या शब्दांमध्ये. अर्थ असा, की उडून गेलेला सुगंध पुन्हा जागा करणं! फिल्मेसाठी हा शब्द घडवणाऱ्यांच्या मनात बहुधा ‘जाणीव करून देणं’ एवढंच असावं. तरी सत्यजित राय यांनी दृष्टी गमावलेल्या आपल्या गुरूंवर, चित्रकार विनोदबिहारी मुखर्जींवर, १९७२ साली केलेल्या ‘द इनर आय’ला हा जुना अर्थही शोभतो.

— मग वापर असा करावा : धरणावर, रोगावर, निवडणुकीवर ‘माहितीपट’, कलावंताची रीत उलगडणारा तो ‘अनुबोधपट’. वाचकाला शब्द नवा वाटला तर पहिल्या उल्लेखात शेजारी ‘डॉक्युमेंटरी’ लिहा, पुढे गरज पडत नाही.