लिंकन कॉन्टिनेन्टल: एकाच नावाच्या इतक्या वेगळ्या गाड्यांत समान धागा कोणता?

मिशिगनवासी

नमस्कार. गेल्या महिन्यात नाशिकहून आलेल्या आई-बाबांना घेऊन मी डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयात गेलो होतो. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा ते ज्या लिंकन कॉन्टिनेन्टलमध्ये (लिंकन हे फोर्ड कंपनीच्या आलिशान गाड्यांचे नाव) बसले होते, ती गाडी तेथे ठेवलेली आहे. बाबा तिच्यासमोर बराच वेळ उभे होते. घरी परतल्यावर त्यांनी विचारले, "हिच्या आधीची गाडी कशी होती आणि नंतर हिचे पुढे काय झाले?"

उत्तर शोधायला बसलो आणि माझाच गोंधळ उडाला. १९५६ च्या गाडीवर लिंकन हे नावच नाही, ती नुसती 'कॉन्टिनेन्टल' आहे. 'मार्क ३' हे नाव १९५८ मध्ये एकदा येते आणि दहा वर्षांनी, मध्ये मार्क ५ पर्यंत मजल गेलेली असताना, पुन्हा येते. १९६१ ची गाडी आधीच्या गाडीपेक्षा चक्क आखूड आहे, आणि १९८८ ची तर इंजिनाचे बळ पुढच्या चाकांना देणारी. या सगळ्यांना एका नावाखाली आणणारे काही खरोखर आहे, की कंपनीने केवळ नाव चालू ठेवले? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनेचाक

आपल्या वडिलांचा प्रश्न फार चांगला आहे. माझ्या मते धागा आहे, पण तो सलग नाही. मधूनमधून तुटतो आणि पुन्हा जोडला जातो.

सुरुवात एका माणसाच्या आवडीतून झाली. हेन्री फोर्ड यांचे पुत्र एडसेल फोर्ड यांना १९३९ मध्ये फ्लोरिडातील सुट्टीसाठी युरोपीय वळणाची, म्हणजे 'कॉन्टिनेन्टल' धाटणीची गाडी हवी होती. रचनाकार बॉब ग्रेगरी यांनी लिंकन-झेफिर या चालू गाडीच्या आराखड्यावरच नव्या रेषा ओढल्या. बॉनेट लांबले, गाडीची उंची कमी झाली आणि स्टेपनी डिकीच्या मागे, उघड्यावर आली. फ्लोरिडात ज्यांनी ती पाहिली त्यांनी चौकशी सुरू केली आणि एकट्यासाठी बनवलेली ती गाडी १९४० च्या मॉडेलांत विक्रीला आली. बारा सिलिंडरांचे इंजिन हे तिचे बलस्थान मुळीच नव्हते, ते नाजूकच होते. लोक भाळले ते तिच्या ठेवणीवर. १९४३ मध्ये एडसेल वारले. युद्धामुळे थांबलेले उत्पादन १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १९४८ मध्ये संपले.

१९५६ चा मार्क २ हा एका अर्थी मुलाने वडिलांना वाहिलेला आदर होता. एडसेल यांचे धाकटे चिरंजीव विल्यम क्ले फोर्ड यांच्याकडे त्यासाठी स्वतंत्र कॉन्टिनेन्टल विभाग दिला गेला, म्हणून त्या गाडीवर लिंकन हे नाव नाही. सगळे अमेरिकी कारखाने क्रोमचे पट्टे आणि शेपटीचे पंख वाढवत असताना या गाडीच्या बाजू जवळजवळ कोऱ्या ठेवल्या गेल्या. किंमत सुमारे १०,००० डॉलर होती, आणि तरीही प्रत्येक गाडीमागे कंपनीला तोटाच होत असे. १९५६ च्या जानेवारीत फोर्डचे समभाग प्रथमच जनतेला विकले गेले. त्यानंतर असा तोटा घराण्याचा मान म्हणून सोसत राहणे अवघड झाले. सुमारे ३,००० गाड्या बनल्यावर मार्क २ थांबला.

१९५८ ते १९६० च्या मार्क ३, ४ आणि ५ विषयी मी थोडक्यातच लिहितो. त्या प्रचंड होत्या, तिरकस दिव्यांच्या होत्या, आणि एडसेल यांच्या कल्पनेशी त्यांचे नाते मला तरी दिसत नाही.

खरी मौज १९६१ च्या गाडीची आहे. एल्वूड एंगल या रचनाकारांनी तो आराखडा मुळात फोर्डच्याच थंडरबर्ड या दुसऱ्या गाडीसाठी केला होता. लिंकन हे नावच बंद करावे का, असा विचार तेव्हा कंपनीत चालू होता. फोर्डमधील तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅकनमारा (हेच पुढे केनेडींचे संरक्षणमंत्री झाले) यांनी तो नमुना पाहिला आणि त्याला चार दारे देऊन लिंकन करता येईल का, अशी विचारणा केली. गाडी आदल्या वर्षीच्या गाडीपेक्षा सुमारे १५ इंचांनी आखूड झाली आणि पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर १३१ वरून १२३ इंचांवर आले. इतक्या कमी जागेत मागच्या आसनावरून उतरताना पाय दाराच्या चौकटीला अडकू लागला. उपाय म्हणून मागच्या दाराची बिजागरी मागच्या बाजूला नेण्यात आली. आज सर्वजण ज्या दारांना वैभवाची खूण समजतात, ती अशी अडचणीतून जन्माला आली, आणि मला हीच गोष्ट या गाडीविषयी सर्वांत प्रिय आहे. उघड्या टपाच्या आवृत्तीत मागचे दार उघडताच त्याची काच आपोआप थोडी खाली सरकते आणि दार बंद झाले की पुन्हा वर येते, कारण ती पुढच्या काचेला बिलगून बसलेली असते. १९६७ नंतर ही चार दारांची उघडी गाडी बंद झाली, आणि १९६९ नंतर ती दारेही गेली.

ताम्हिणीघाट

जुनेचाक यांचे विवेचन मला आवडले. पण कॉन्टिनेन्टल म्हणजे केवळ साधेपणा, असे ठरवले तर १९६९ चा मार्क ३ कुठे बसवायचा? फोर्डमधील वरिष्ठ अधिकारी ली आयकोका यांनी थंडरबर्डला रोल्स-रॉइससारखी समोरची जाळी लावून पाहण्यास सांगितले, आणि चार दारांच्या थंडरबर्डचा सांगाडा घेऊन, झाकलेल्या दिव्यांची, डिकीवर स्टेपनीचा उंचवटा असलेली दोन दारांची गाडी तयार झाली. तिला 'मार्क ३' म्हणताना कंपनीने १९५८ ते १९६० च्या गाड्या मोजणीतून वगळल्या आणि क्रम थेट मार्क २ ला जोडला. आपल्या गोंधळाचे कारण हेच आहे. पण या निवडीतून कंपनीने स्वतःच सांगितले, की आपला वारसा कोणता आणि कोणता नाही.

तीन वर्षांत या गाड्या सुमारे ७९,००० खपल्या. मार्क २ ने सन्मान मिळवला आणि पैसा घालवला. नव्या मार्क ३ ने कंपनीला भरपूर नफा दिला. १९७२ च्या मार्क ४ च्या छताच्या मागच्या खांबात लंबगोल खिडकी आली आणि १९७६ मध्ये कार्टिए, जिव्हांशी, पुची व बिल ब्लास या दागिने-फॅशनच्या जगातील प्रसिद्ध नावांच्या आवृत्त्या निघाल्या. हे सगळे दिखाऊ होते हे मान्य करूनही मी म्हणेन, की स्वतःच्या कष्टाच्या पैशाने अशी गाडी घेणाऱ्या माणसाचा आनंद खोटा नव्हता. १९७७ ते १९७९ चा मार्क ५ तर सुमारे ५.८५ मीटर लांब होता. इंधनाच्या नव्या नियमांमुळे त्यानंतर इतकी लांबी परवडणे शक्यच नव्हते.

गिअरबॉक्स

पुढचा प्रवास लवकर सांगून होतो. १९८२ ची कॉन्टिनेन्टल मध्यम आकाराची आणि उतरत्या डिकीची होती; १९८८ ची टॉरस या फोर्डच्या सर्वसामान्य गाडीच्या सांगाड्यावर, सहा सिलिंडरांची. गाडी म्हणून ती वाईट नव्हती, पण शेजारच्या टॉरसपेक्षा ती वेगळी का, याचे उत्तर तिच्याकडे नव्हते. २००२ मध्ये नाव बंद झाले. २०१७ मध्ये ते परत आले तेव्हा मागच्या आसनाच्या सुखावर भर होता, कारण चीनमधील ग्राहकही डोळ्यांसमोर होता. १९३९ ला ८० वर्षे झाल्यानिमित्त सहा इंच लांबवलेल्या आणि मागे बिजागऱ्या असलेल्या दारांच्या केवळ ८० गाड्या २०१९ साठी काढल्या, त्यांची किंमत १,००,००० डॉलरच्या वर होती. २०२० मध्ये उत्पादन पुन्हा थांबले.

मिशिगनवासी

तिघांचेही मनापासून आभार. हे सर्व बाबांना वाचून दाखवले. त्यांनी आणखी एक विचारले आहे: संग्रहालयातील गाडी डॅलसमध्ये होती तशीच आहे का? त्यांना छायाचित्रांतली गाडी उघडी असल्याचे आठवते.

जुनेचाक

त्यांना बरोबर आठवते. ती गाडी १९६१ मध्ये सिनसिनाटीच्या हेस अँड आयझेनहार्ट यांनी लांबवून दिली होती, आणि त्या दिवशी तिचे सुटे पारदर्शक छप्पर बसवलेले नव्हते. घटनेनंतर ती मोडीत न काढता तिला चिलखती पत्रा, गोळी न भेदणाऱ्या काचा आणि कायमचे छप्पर बसवण्यात आले. मूळचा गडद निळा रंग बदलून काळा देण्यात आला. त्या रूपात ती १९७७ पर्यंत राष्ट्राध्यक्षांच्या सेवेत होती. मागची दारे मात्र अजूनही मागच्याच बिजागरीवर उघडतात.